औषध मारणाऱ्याला पोर होत नाही म्हणतात, खरं काय?

पंपवाला_गडी
१४ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत महिना गेला, आज पाऊस लागलाय, उद्या रानात जायचं नाही म्हणून लिहालोय. बेळगावजवळच्या कडोली बाजूचा आहे. वय ३१, लग्नाला ४ वर्षं झाली. घरचं रान दीड एकर, कोबी फ्लॉवर बटाटा, पण खरा पैसा येतो दुसऱ्यांच्या रानात पाठीवरच्या पंपानं पिकाला औषध मारून. पंपामागं दर ठरलेला असतोय, सीझनला दिवसाला वीस-बावीस पंप होतात, ९ वर्षं झाली हेच करालोय.

पोर नाही. बायकोची सोनोग्राफी झाली, रक्त झालं, नळ्यांचा एक्सरे झाला, सगळं नॉर्मल. आईनं तिला दोनदा सौंदत्तीला यल्लम्माला नेऊन आणलं. माझी तपासणी मात्र कुणी सांगिटली नाही आणि मीबी विचारलो नाही. गेल्या आठवड्यात बांधावर जेवायला बसल्यावर आमच्यातलाच एक पंपवाला हळूच म्हणाला, त्यालाही पाच वर्षं झाली काही नाही. मग आम्ही मोजायला लागलो, आमच्या भागात रोजचं हे काम करणारे लग्न झालेले सहा गडी, त्यातल्या तिघांना पोर नाही. तेव्हापासनं डोक्यात किडा शिरलाय. औषधाचा संबंध असतो काय? चेष्टा करू नका, इथं नाव दिसत नाही म्हणून लिहालोय.

उचगावचा_तात्या
१५ जुलै, सकाळी ६:०५

काय गा, औषधाचं काय घेऊन बसलास. आम्ही फॉलिडॉलसारखं जहाल औषध बादलीत हातानं ढवळायचो, बीएचसी पावडर फडक्यात बांधून उसावर झटकायचो, तोंडाला काय नाही की हाताला काय नाही. मला पाच पोरं आहेत आणि पाचही ठणठणीत. आत्ताच्या पोरांना रात्री दोनपर्यंत मोबाईल, गुटखा, दुपारी चायनीज, मग कुठनं होणार. औषधावर ढकलणं सोपं आहे.

लॅबवाला
१५ जुलै, सकाळी ९:३०

पंपवाला, आधी एक काम करा, औषधाचा विचार बाजूला ठेवून स्वतःची वीर्य तपासणी करून घ्या. मी १४ वर्षं बेळगावात लॅबमध्ये आहे. बाईच्या तपासण्यांची फाईल वहीएवढी जाड होते तेव्हा कुठं नवरा पहिल्यांदा खिडकीशी येतो, हे मी जवळजवळ रोज बघतो. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडं थोडाफार तरी दोष सापडतो. आणि सगळ्यात स्वस्त, सुई न टोचता होणारी तपासणी हीच.

तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नको. घरून आणणार असाल तर तासाच्या आत पोचलं पाहिजे, म्हणजे कडोलीहून बसनं येताना वाटेत उशीर झाला की गेलं, त्यापेक्षा लॅबमध्येच खोली असते तिथं द्या. डबी लॅबचीच घ्या, घरची औषधाची रिकामी बाटली धुऊन आणणारे लोक आहेत म्हणून मुद्दाम सांगतो (हो, रानातल्या औषधाची सुद्धा, एकानं आणली होती). आणि एका रिपोर्टवर निकाल लावून घेऊ नका, दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा करा. ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो.

निपाणीकर_सदा
१५ जुलै, दुपारी १:१०

आमच्याकडं तंबाखूचं रान. सकाळी दंव असताना पानं खुडली की गड्यांना दुपारपर्यंत मळमळ, चक्कर, उलटी. लोक म्हणायचे ऊन लागलं. ते ऊन नव्हतंच, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतनं आत जातंय. सांगायचा मुद्दा एवढाच की तात्या, कातडी म्हणजे काय ताडपत्री नव्हे.

मातीमित्र
१५ जुलै, रात्री ९:४५

मी धारवाडला शेती शिकलोय, आता हुक्केरी भागात काम करतो. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

पंपवाला, तुम्ही बांधावर बसून जे मोजलं ना, नेमकं तसंच ४०-५० वर्षांमागं अमेरिकेत झालं. १९७७ साल, कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीवरचं (मुळांना लागणाऱ्या बारीक किड्यांवरचं) औषध तयार व्हायचं. कामगार गप्पा मारताना आपापसात म्हणायला लागले, आपल्यातल्या बऱ्याच जणांना पोर का नाही? डॉक्टरांनी नव्हे, कामगारांनीच ओळखलं. मग तपासणी झाली तर कुणाचे शुक्राणू अगदी कमी, कुणाचे शून्य. १९७९ मध्ये तिथं जवळजवळ सगळ्या वापरावर बंदी आली. पण तेच औषध कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरासच्या केळीच्या मळ्यांतही मारलं जायचं आणि तिथले हजारो मजूर वांझ झाले, खटले कित्येक वर्षं चालले. भारतात ते १९८९ पासून बंद आहे. काम सोडल्यावर काहींचे शुक्राणू परत आले, ज्यांचे पार शून्य झालेले त्यातल्या बऱ्याच जणांचे आलेच नाहीत.

आता लगेच असं समजू नका की तुमच्या पंपातलं औषध तसलंच आहे. डीबीसीपी हा टोकाचा प्रकार. आज जी मारतो त्यांचा पुरावा तितका सरळ नाही, कारण कुणीच एक औषध मारत नाही, चार मिसळून मारतो. पण संशयाला जागा आहे. आंध्रात कापसाला औषध मारणाऱ्या गड्यांची हजाराच्या वर जोडपी घेऊन अभ्यास झाला, १९९१ ला छापून आला, त्यात मूल न होण्याचं आणि गर्भपाताचं प्रमाण औषध न मारणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारायचे, तिथल्या मुलग्यांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं तपासणी केली, २००३ ला आलं, त्यांना वयात यायला उशीर होत होता. आपल्या कर्नाटकातही दक्षिण कन्नड, उडपी, उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात त्याचे पीडित आहेत, २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं. आणि कार्बेन्डाझिम, जे आपण बुरशीला सर्रास मारतो, ते उंदरांच्या वृषणात शुक्राणू तयार होतानाची पेशींची विभागणीच बिघडवतं, हे पक्कं माहीत आहे. माणसात किती डोसला काय, ते वेगळं.

एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. पंपाचं झाकण गळतं काय?

पंपवाला_गडी
१६ जुलै, रात्री १०:१५

गळतंय. कुणाचं गळत नाही ते सांगा. झाकणाचा वॉशर महिन्याभरात कडक होऊन जातो, दहा रुपयांचा असतो पण तेवढ्यासाठी बाजारात कोण जाणार, मग प्लास्टिकची पिशवी लावून झाकण आवळायचं. वाकलं की पाठीवर सांडतंय. संध्याकाळी बनियन काढला की खांद्याच्या पट्ट्यापासनं कमरेपर्यंत पिवळसर ओघळ दिसतोय, चड्डीचं इलॅस्टिक तर पांढरं पडून खरबरीत झालंय. उन्हाळ्यात गार वाटतंय म्हणून आम्ही हसायचो. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकतो. हातमोजे दुकानदार देतो पण त्यात घाम साठतोय आणि बटण दाबता येत नाही.

मातीमित्र
१६ जुलै, रात्री १०:५०

हेच विचारायचं होतं. लोकांना वाटतं औषध नाकातून जातं म्हणून रुमाल बांधतात आणि मोकळे होतात. फवारणी करणाऱ्याच्या अंगात सगळ्यात जास्त जातं ते कातडीतून. त्यातही सगळी कातडी सारखी नसते. अमेरिकेत पूर्वी माणसांवरच प्रयोग झाले होते, आज कुणी करू देणार नाही, त्यात पॅराथिऑन (तात्यांचं फॉलिडॉल त्याच जातीचं) हाताच्या पुढच्या भागाला लावलं तर शंभरातलं नऊएक भाग आत गेलं. तेच अंडकोषाच्या कातडीला लावलं तर जवळजवळ सगळंच्या सगळं. बारा पट म्हणा. आता तुमचा ओघळ पाठीवरून कमरेला, कमरेवरून चड्डीत, आणि ती ओली चड्डी दिवसभर अंगावर. रुमाल तोंडाला आणि गळती खाली, असं झालंय आपलं.

खानापूरची_लेक
१७ जुलै, दुपारी ३:२०

तात्यांना एक विचारायचंय, रागावू नका. पाच पोरं झालेले आज इथं छाती काढून लिहितात. ज्यांना झाली नाहीत त्यांचं तुमच्या काळात काय व्हायचं? बाईला माहेरी घालवायचे आणि दुसरी करायचे ना? म्हणजे हिशेबात कुठं आलंच नाही. आणि पंपवाला दादा, वहिनीला दोनदा देवीला नेलं आणि स्वतः एकदा लॅबला गेला नाहीत, हे वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही. अजून एक, ती पांढऱ्या इलॅस्टिकची चड्डी धुतं कोण?

उचगावचा_तात्या
१७ जुलै, रात्री ८:४०

पोरी, तू बोललीस ते दुपारपासनं डोक्यात फिरालंय. लिहितो आता.

माझा चुलतभाऊ होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, गावात उसाला भाताला सगळ्यांचं औषध तोच मारायचा, हात चांगला होता त्याचा. पहिलीला सहा वर्षं झाली पोर नाही म्हणून माहेरी घातली. बैलगाडी मीच जुंपली होती तिला सोडायला. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, फक्त नदीजवळ आल्यावर म्हणाली, दाजी, म्हशीला तेवढं वेळेवर पाणी दाखवा. पुढं तिचं चंदगड बाजूला दुसरं लग्न झालं आणि तिला दोन पोरं झाली. इकडं भावाच्या दुसरीलाही काही नाही. आम्ही म्हटलं घराला शाप आहे. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. ती बाई अजून आहे, शिनोळीच्या बाजारात नातवाला घेऊन दिसते, मी दुसऱ्या बाजूनं जातो.

औषधानंच झालं असं मी म्हणत नाही. पण मी वरती लिहिलो ते मागं घेतो.

द्राक्षवाला_अथणी
१८ जुलै, सकाळी ७:००

आमच्याकडं द्राक्षाला छाटणीनंतर पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाईड, काडीवरचे डोळे म्हणजे कोंब एकसारखे फुटावेत म्हणून. गडी स्पंजानं काडीला हातानं लावत जातात. आणि संध्याकाळी क्वार्टर मारली की तोंड लालभडक, छाती धडधड, दवाखाना. लोकांना वाटायचं दारू खराब होती. दारू आणि त्या औषधाचं अंगात जमत नाही, पेस्ट लावलेल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस घेऊच नये. हे मला कुणी दुकानदारानं सांगितलं नाही, दोन गडी ॲडमिट झाल्यावर डॉक्टरनं सांगितलं. आमच्या भागात बाटलीवर सगळं बारीक कन्नडमध्ये, बरेच गडी मराठी शाळेत शिकलेले आणि काही तर बाहेरून आलेले, वाचणार कोण.

मातीमित्र
१८ जुलै, सकाळी ८:३०

भाषा नाही आली तरी बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण एक लक्षात ठेवा, तो रंग पोटात किंवा कातडीतनं एकदम किती थोडं गेलं तर जीव जाईल त्यावरून ठरतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्यावर काय होईल ते त्यात येत नाही. वर म्हटलेलं कार्बेन्डाझिम लाल त्रिकोणाचं नाहीच. हिरवा आहे म्हणून उघड्या अंगानं मारायला परवानगी मिळाली असं समजू नका. आणि भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला कधीचीच बंदी आहे, तरी कुणी दिलं तर नको म्हणा, माल गोव्याला जातोय तो वेगळाच विषय.

पंपवाला_गडी
९ ऑगस्ट, रात्री ११:५०

झाली तपासणी. दोनदा.

पहिल्यांदा गेलो तर खिडकीवरच्या पोरीनं मोठ्यानं विचारलं "कशाची तपासणी?" मागं आमच्या गावचा दूधवाला उभा. मी शुगर म्हणून सांगिटलो आणि शुगर करून परत आलो, १०० रुपये गेले. शुगर नॉर्मल आहे 😀 दुसऱ्या आठवड्यात परत गेलो.

पहिला रिपोर्ट मिलिलिटरला ६ मिलियन शुक्राणू, दुसरा ८ मिलियन. हालचाल कमी, आकार बरोबर नसलेले जास्त. डॉक्टरनं हातानं तपासलं, डाव्या अंडकोषाच्या शिरा थोड्या फुगल्यात म्हणाला. काम काय करता विचारल्यावर सांगिटलो, तर चष्मा काढून म्हणाला, हे आधी का नाही सांगितलं. मला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन बायकोला रिपोर्ट दिलो. ती बारावी आहे, तिनं सगळं वाचलं, घडी घातली आणि आईसमोर नेऊन ठेवली. काही बोलली नाही. आई वाचत नाही पण तिला कळलं. रात्री आईनं जेवण वाढलं ते तिला आधी वाढलं, एवढंच झालं आमच्या घरात.

आणि खानापूरच्या ताई, चड्डी तीच धुते. तिच्या साड्यांबरोबर एकाच बादलीत. चार वर्षं.

लॅबवाला
१० ऑगस्ट, सकाळी ९:१०

शाबास, शुगरच्या १०० रुपयांसकट. हे बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ मिलिलिटरला १६ मिलियन धरलीय, त्याआधी १५ होती. ही काय पास-नापासाची रेघ नाही. कमी असलेल्यांनाही पोरं होतात, उशिरा होतात एवढंच. तुमचं शून्य नाही ही मोठी गोष्ट आहे. नवीन शुक्राणू तयार व्हायला ७४ दिवस लागतात, बाहेर पडेपर्यंत तीन महिने धरा. म्हणजे आज जे बदलाल ते नोव्हेंबरच्या रिपोर्टात दिसणार, आठवड्यानं परत येऊन पैसे घालवू नका. गुटखा खाता काय?

पंपवाला_गडी
१० ऑगस्ट, रात्री ९:००

दिवसाला सहा-सात पुड्या. सोडतो म्हणालोय. पंप सोडायचं बोलू नका, कोबीला अळी पडलीय, आत्ताच हाक आहे आणि सोसायटीचा हप्ता आहे.

मातीमित्र
१० ऑगस्ट, रात्री ९:४०

तीन महिने पूर्ण थांबता आलं तर बेस्टच. नाहीच जमलं तर निदान एवढं. वॉशर चार आणून खिशात ठेवा, पंपाला पिशवी लावणं बंद. पाठीवर युरियाचं स्वच्छ धुतलेलं जाड पोतं किंवा प्लास्टिकचा एप्रन कमरेच्या खालपर्यंत, म्हणजे ओघळ चड्डीत न जाता बाहेर पडेल. पॅन्ट लांब. हातमोजे नायट्रिलचे, कापडी नकोत, कापडी ओले झाले की औषध धरून बसतात. नोझल फुंकायचं नाही, जुना टूथब्रश बांधून ठेवा. वारं पाठीकडनं घ्या आणि मारलेल्या ओळीतनं परत चालत येऊ नका. सांडलं तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, बांधावरच साबण आणि कपडे बदलायचे. रानातले कपडे वेगळ्या बादलीत, ते तुम्ही धुवा, वहिनींनी नाही. मारताना थुंकी सुटायला लागली, डोळ्यापुढं अंधारी आली, घाम फुटला तर १०८ ला फोन आणि औषधाची बाटली सोबत घेऊन जा, डॉक्टरला नाव कळलं पाहिजे.

निपाणीकर_सदा
११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

एप्रन घालून भर उन्हात बावीस पंप मारून दाखवा म्हणावं कुणीतरी. बरोबर आहे सगळं, पण सकाळी ९ च्या आत आणि ४ नंतर मारायचं ठरवलं तरच अंगावर टिकतंय. मालकाला परवडत नाही, त्याला दिवसात रान उरकायचं असतंय. दर वाढवा पंपाचा, पंप कमी करा.

पंपवाला_गडी
२२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

विसरलात की काय मला. पंप निम्म्यावर आणलो, दर वाढवून मागितला, दोन मालकांनी दुसरा गडी बघितला, बाकीच्यांनी दिला. गुटखा सप्टेंबरपासनं बंद, मधे एकदा गणपतीत खाल्लो. आता रिपोर्ट १३ मिलियन, हालचाल पण बरी. डॉक्टर म्हणाला नाचू नका, औषध कमी झाल्यानं की गुटखा सुटल्यानं की काय, ते सांगता येणार नाही, शिरांचं पुढं बघू. बायको म्हणाली १३ तर १३.

पण आज लिहालोय ते वेगळ्यासाठी. वर म्हटलेल्या तिघांपैकी दुसऱ्याला पण तयार केलो, काल त्याचा आला. शून्य. कागदावर निल असं लिहिलंय. त्यानं माझ्यापेक्षा पाच वर्षं जास्त काढलीत पंपावर. कालपासनं घराबाहेर पडला नाही.

लॅबवाला
२२ नोव्हेंबर, रात्री १०:५५

एका निलवर त्याला बसू देऊ नका. पहिलं म्हणजे परत तपासणी, कधीकधी नमुनाच अर्धा सांडलेला असतो. परत शून्यच आलं तर रक्तातलं एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन, ही दोन हार्मोन्स बघतात. त्यावरून अंदाज येतो, शुक्राणू तयारच होत नाहीत की तयार होऊन वाट बंद आहे. वाट बंद असेल तर उपाय आहेत, कमी तयार होत असतील तरी कधीकधी सुईनं आतून मिळतात. लग्नाआधी गालगुंड होऊन अंडकोष सुजलेले काय तेही विचारा त्याला, सगळं पंपावर टाकायला नको. एकटा पाठवू नका.

पंपवाला_गडी
२२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

उद्या सातच्या बसनं घेऊन येतोय. रक्ताचं आणि हे दोन्ही एकदमच करू. खिडकीवर काय म्हणून सांगायचं ओ? तो नुसता त्यानंच घाबरालाय.

लॅबवाला
२२ नोव्हेंबर, रात्री ११:०८

बोलायची गरजच नाही. डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून नुसती पुढं सरकवा. रक्त द्यायचंय, उपाशी पोटीच ये म्हणावं त्याला.